वाचलेला वेळ कुणाचा? कोरियन वेबटून, एआय आणि गाउनवरची लेस

कोरियन फॅन्टसी वेबटूनमध्ये एआय वापरावं की नाही, या वादात एक बाजू 'ही चोरी आहे' म्हणते, दुसरी 'हे आता थांबणार नाही' म्हणते, आणि दोघीही अख्ख्या चित्राबद्दल बोलत राहतात. अख्ख्या चित्रावर हा वाद सुटत नाही. तो गाउनच्या बाहीपाशी, गळ्यावरच्या लेसपाशी, छातीवरच्या गाठीपाशी नेऊन पाहायला हवा. रोमान्स फॅन्टसीत चित्रकाराच्या तासांचा मोठा वाटा कपडे खातात. चित्रं बनवणारी यंत्रणा हमखास फसते ती कपड्यांत, आणि ती खरोखर उपयोगी पडू शकते तीही कपड्यांतच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एआयवर सरसकट बंदी नको. पण ते कोणत्या टप्प्यावर वापरलं हे वाचकाला सांगितलं पाहिजे, ज्यांच्या चित्रांवर ते शिकलं त्यांची परवानगी आणि मोबदला असला पाहिजे, आणि त्यातून वाचलेले तास चित्रकाराच्या पदरात पडले पाहिजेत. पहिल्या दोन अटींवर भरपूर बोललं जातं. तिसरी मागे राहते, आणि माझ्या मते सगळं तिच्यावर अडलेलं आहे.

मुळात हे तास जातात कुठे? वेबटून म्हणजे मोबाइलवर वरून खाली सरकवत वाचायची रंगीत चित्रकथा. दाउम या पोर्टलनं २००३ मध्ये ती सुरू केली, नेव्हर हे दुसरं कोरियन पोर्टल पाठोपाठ उतरलं. नेव्हरची इंग्रजी सेवा २०१४ मध्ये आली आणि जून २०२४ मध्ये वेबटून एंटरटेनमेंट ही कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात दाखल झाली. कोरियातल्या सरकारी पाहणीनुसार २०२३ साली या उद्योगाची उलाढाल २ लाख कोटी वॉनच्या पुढे गेली. हा सगळा डोलारा 'दर आठवड्याला एक भाग' या शिस्तीवर उभा आहे. पुढचा भाग थांबून फुकट वाचा किंवा पैसे देऊन आत्ता वाचा, ही काकाओपेज या कोरियन वाचन-अॅपनं रुळवलेली पद्धत सगळीकडे पसरली. त्यात खंड पडला की वाचक दुसऱ्या मालिकेकडे वळतो.

एका भागात साधारण ६० ते ८० फ्रेम असतात, सगळ्या रंगीत. कादंबरीचं पटकथेत रूपांतर, मग 'कोन्ती' म्हणजे कच्चा आराखडा, मग रेखांकन, मग सपाट मूळ रंग, मग छाया-प्रकाश, पार्श्वभूमी आणि शेवटी संवादांची अक्षरं. मोठ्या स्टुडिओत यातल्या प्रत्येक टप्प्याला वेगळा माणूस असतो. एकटा चित्रकार असला तर तो दोन-तीन सहायक स्वतःच्या खिशातून ठेवतो.

आता यात गाउन घाला. राजवाड्यातल्या मेजवानीच्या प्रसंगात नायिका २० फ्रेममध्ये दिसते आणि तिच्या बाहीला तीन पदरी लेस आहे, असं धरू. दोन हात, तीन पदर, २० फ्रेम: म्हणजे लेसची कड १२० वेळा आखायची, आणि प्रत्येक वेळी हाताच्या कोनाप्रमाणे वळवायची. त्यावर गळ्यातला हार, केसातले मोती, कमरेचा पट्टा, घेरावरचं भरतकाम. म्हणून कोरियन चित्रकार लेसचे, मोत्यांच्या माळेचे, झालरीचे तयार ब्रश विकत घेतात. एक रेघ ओढली की लेस उमटते. तरी काम संपत नाही, कारण ब्रश वळणावर ताणला जातो आणि नक्षी फाकते. शिवाय १६०० पिक्सेल रुंदीच्या कॅनव्हासवर काढलेलं चित्र ८०० पिक्सेलला दाखवलं जातं, त्यात ३ पिक्सेलचा धागा दीड पिक्सेलचा होऊन धूसर राखाडी पट्टा उरतो. जाणकार चित्रकार लेसची नक्षी मुद्दाम ठसठशीत आणि विरळ ठेवतात ती याचसाठी.

एवढे कष्ट घ्यायचे कशाला, साधे कपडे काढावेत, असं कुणी म्हणेल. पण या प्रकारात कपडे हेच कथानक असतं. कादंबरीतल्या खलनायिकेच्या देहात जन्मलेली मुलगी, मोडलेलं लग्न, दरबारातलं पहिलं पदार्पण, उत्तरेकडचा अबोल ड्यूक: हे ठरलेले साचे आहेत आणि वाचक ते साचे ओळखूनच येतो. त्यात नवं काय घडतंय हे त्याला पेहरावावरून कळतं. घराण्यानं लादलेला भडक लाल गाउन टाकून नायिका फिकट निळा निवडते, तिथं तिनं कुणाची बाजू सोडली ते संवादाशिवाय समजतं. ड्यूकच्या काळ्या गणवेशावरचा फरचा कॉलर दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर दिसला, तर पुढचे दहा भाग कुठे जाणार याची चाहूल लागते. या गाउनांत अठराव्या शतकातलं फ्रान्स, एकोणिसाव्या शतकातले तारेच्या सांगाड्यावरचे घेर आणि इंग्रजी उंच कमरेचे झगे सर्रास एकत्र येतात. इतिहासाच्या अभ्यासकांना ते खटकतं. मला खटकत नाही. कल्पित साम्राज्याला स्वतःची शिंप्याची परंपरा असायला हरकत नाही. अट एवढीच, की ती मालिकेच्या आत शेवटपर्यंत पाळली गेली पाहिजे.

कोरियातल्या जुन्या जोसॉन राजवटीच्या काळावर बेतलेल्या फॅन्टसीत मात्र ही सूट नसते. हानबोक या पारंपरिक कोरियन पोशाखाच्या वरच्या कपड्याला, जोगोरीला, समोर जी बंदाची गाठ असते तिला गोरम म्हणतात. तिला एकच फासा असतो आणि खाली दोन लांब टोकं लोंबतात. फुलपाखरासारखे दोन फासे नसतात. जोगोरीची डावी बाजू उजवीवर येते. गळ्याच्या पट्टीवर दोंगजोंग नावाची पांढरी कडक पट्टी असते. कुमारिकेची एकच वेणी आणि तिच्या टोकाला देंगी ही फीत. विवाहितेचा मानेवर अंबाडा आणि त्यात आडवा खोवलेला बिन्यो हा केसांचा काटा. कोरियन वाचक हे लहानपणापासून पाहत आला आहे. नायिकेच्या डोक्यावर कुमारिकेची वेणी आणि त्याच वेणीत बिन्यो दिसला, तर तिचं लग्न झालंय की नाही हेच कळेनासं होतं. प्रतिमा बनवणाऱ्या मॉडेलना हानबोक काढायला सांगा. गोरमचा हटकून दोन फाशांचा बो होतो, पदर उलटे पडतात, आणि कधी कधी बाहीला जपानी किमोनोची झाक येते. इंटरनेटवरून गोळा झालेल्या चित्रांत पूर्व आशियाचे पोशाख एकमेकांच्या नावाखाली मिसळलेले आहेत. यंत्र त्यांची सरासरी काढतं.

सरासरी हा एक दोष झाला. दुसरा दोष रचनेतच आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये खुल्या झालेल्या स्टेबल डिफ्यूजन या चित्रं बनवणाऱ्या एआयची पहिली मॉडेलं ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र थेट रंगवत नव्हती. ती ६४ बाय ६४ च्या आटोपशीर जाळीवर काम करून शेवटी ती जाळी उलगडत. म्हणजे चित्रातला ८ बाय ८ पिक्सेलचा तुकडा जाळीच्या एका घरात कोंबलेला. डोक्यापासून पायापर्यंतची आकृती ५१२ पिक्सेलमध्ये बसवली, की कोटाचं बटण ५-६ पिक्सेलचं उरतं, एका घरापेक्षाही लहान. यंत्राच्या हिशेबात तिथं बटण असल्याचा नुसता भास असतो. म्हणून सात बटणांचा कोट पुढच्या फ्रेममध्ये पाच बटणांचा होतो, लेस वितळल्यासारखी दिसते, कानातलं केसात मिसळतं. नंतरची मॉडेलं मोठ्या आकारावर काम करतात, त्यामुळे चेहरे आणि बोटं पुष्कळ सुधारली. पण प्रत्येक चित्र गोंधळलेल्या ठिपक्यांपासून नव्यानं घडवायचं ही पद्धत जोवर कायम आहे, तोवर मागच्या फ्रेममधल्या बटणांची मोजणी त्या पद्धतीला आपोआप लक्षात राहत नाही. ती बाहेरून लादावी लागते.

लादण्याचे मार्ग आहेत, आणि ते वापरणाऱ्यांना त्यांच्या खोडीही माहीत आहेत. एखाद्या पात्राची २०-३० चित्रं देऊन 'लोरा' नावाची छोटी जोडणी शिकवता येते. सगळी चित्रं एकाच गाउनमधली असली, तर गाउन चेहऱ्याला चिकटतो. पुढे शिकारीचा पोशाख मागितला तरी त्यावर जुना कॉलर उगवतो. म्हणून तीन-चार वेगवेगळ्या पोशाखांतली चित्रं द्यावी लागतात, आणि प्रत्येक चित्राच्या वर्णनात कॉलर, बाही, पट्टा यांची नावं वेगळी लिहावी लागतात, म्हणजे यंत्र त्यांना चेहऱ्यापासून सुटं शिकतं. संदर्भ-चित्र दाखवून काम करणारी नवी साधनं सातत्य बरंच सांभाळतात. पण समोरचंच चित्र दिलं, तर पाठीमागच्या बंदांची रचना ती स्वतः कल्पून काढतात, आणि दोनदा विचारलं तर दोन वेगळ्या पाठी मिळतात. गणवेशावरचा तिरका पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे जात असेल, तर आरशातल्यासारख्या उलटलेल्या फ्रेममध्ये तो दिशा बदलतो आणि तलवारही उजव्या हाताच्या सरदाराच्या उजव्याच कमरेला येते. ही चूक हातानं काम करणाऱ्यांचीही होते, कारण तेही फ्रेम उलटवतात. फरक असा, की त्यांच्यासमोर भिंतीवर पोशाखाचा तक्ता टांगलेला असतो.

त्या तक्त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण एआय वापरा वा नका वापरू, काम तिथूनच सुरू होतं. प्रत्येक मुख्य पोशाखाची समोरून, बाजूनं आणि मागून अशी तीन चित्रं. गळा, मनगट आणि घेराची कड यांची मोठी करून काढलेली चित्रं. प्रत्येक कापडाचे तीन रंग, मूळ, सावली आणि चमक, त्यांच्या रंग-संकेतांसह. बटणांची संख्या आकड्यात. पोशाख कुठून उघडतो, मागे बंद आहेत की बाजूला हुक, याची नोंद. भरतकामाची नक्षी एकदाच चौकोनी तुकड्यात काढायची, अशी की चारही कडा एकमेकींना जुळतील. मग ती घेरावर पसरून क्लिप स्टुडिओ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या जाळीच्या साधनानं चुण्यांप्रमाणे वाकवायची. हे एकदा नीट केलं, की पुढचे ५० भाग सोपे जातात.

यंत्राची मदत खरी जमते ती याच्या पुढे. मूळ रंग भरणं हे सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत कमी निर्णयाचं काम. नेव्हर वेबटूननं २०२१ मध्ये एआय पेंटर हे साधन चाचणीसाठी खुलं केलं, तेही याच कामासाठी. क्लिप स्टुडिओतही रंग भरणारी आणि २०२३ पासून सावल्या सुचवणारी सोय आहे. त्यासाठी रेषा बंद असाव्या लागतात. बाहीच्या टोकाला दोन पिक्सेलची फट राहिली तर गाउनचा रंग तळहातावर सांडतो. लेसमधून त्वचा दिसायला हवी तिथं यंत्र गाउनचाच रंग भरून टाकतं, ती भोकं हातानं मोकळी करावी लागतात. केस आणि खांदा जिथं भेटतात ती सीमा तपासावी लागते. ही डागडुजी धरूनही वेळ वाचतो, आणि त्यात कुणाच्या कल्पनेची उचलेगिरी नसते. हे साधन वापरणाऱ्या चित्रकाराला फसवा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मग वाचक चिडले ते कशावर? मे २०२३ मध्ये नेव्हरवर सुरू झालेल्या एका फॅन्टसी मालिकेच्या पहिल्याच भागावर एआयचा आरोप झाला. बोटं आणि तपशील विचित्र होते, फ्रेमगणिक शैली हलत होती. वाचकांचं मानांकन १० पैकी २ च्या आसपास घसरलं. निर्मिती करणाऱ्या स्टुडिओनं खुलासा केला, की सगळं काम माणसांचं होतं, शेवटच्या सफाईपुरतं एआय वापरलं. मग भाग दुरुस्त करून दिला. जूनच्या सुरुवातीला नेव्हरच्याच नवोदितांच्या विभागात 'एआय वेबटूनवर बहिष्कार' अशा मथळ्याची चित्रं धडाधड चढली. आपली चित्रं यंत्राला शिकवायला वापरली जातील, ही त्यामागची भीती होती. तशी वापरली नसल्याचं नेव्हरनं सांगितलं, आणि आपल्या मोठ्या स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत एआयला मज्जाव केला. काकाओनं फक्त माणसाच्या हातानं काढलेल्या वेबटूनची स्पर्धा जाहीर केली. याआधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, क्लिप स्टुडिओ बनवणाऱ्या सेल्सिसनं चित्र तयार करून देणारी सोय जाहीर केली होती आणि वापरकर्त्यांच्या रोषामुळे काही दिवसांतच मागे घेतली होती.

या रोषाकडे 'नव्याला विरोध' म्हणून पाहणं चूक आहे. याच चित्रकारांनी थ्रीडी पार्श्वभूमी कधीच स्वीकारली. सुरुवातीला तीही लबाडी वाटत होती. आज राजवाड्याचं दालन, काचेचं हरितगृह, बग्गी हे सगळं स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या तयार प्रतिकृतींवरून घेतलं जातं, आणि कोरियात त्यांची अॅकॉनथ्रीडीसारखी बाजारपेठ उभी आहे. वाचक कधी कधी कुरकुरतो, की सगळ्या मालिकांत तोच जिना दिसतो. पण कुणी त्याला चोरी म्हणत नाही. कारण त्या जिन्याचा कर्ता ठाऊक असतो, किंमत लिहिलेली असते, परवाना घेतलेला असतो. लेसच्या ब्रशचंही तसंच. जिना बनवणारा जिन्याचे पैसे घेतो, लेस बनवणारी लेसचे, आणि दोघांच्या मेहनतीवर तिसरा आपली कथा रचतो. विनापरवाना गोळा केलेल्या कोट्यवधी चित्रांवर शिकलेलं यंत्र ही साखळी तोडतं. त्यानं दिलेली लेस कुणाची, हे खुद्द यंत्राच्या मालकालाही सांगता येत नाही.

साखळी न तोडता काम करता येतं, याचा दाखलाही कोरियातच आहे. ज्येष्ठ चित्रकथाकार ली ह्यॉन-से यांनी जेदाम मीडिया या वेबटून कंपनीसोबत आपल्या ४४ वर्षांतल्या ४,१७४ पुस्तकांवर एआयला शिकवायचं ठरवलं. आपली शैली आपल्या पश्चातही चालावी अशी त्यांची इच्छा आहे. हा मार्ग सगळ्यांना पटेल असं नाही. पण चित्रं त्यांची, निर्णय त्यांचा. तरुण चित्रकाराकडे एवढा साठा नसतो हे खरं. पण मूळ रंग भरायला हजारो पुस्तकं लागतही नाहीत. स्वतःच्या मालिकेचे रंगवलेले भाग आणि स्टुडिओतल्या सहकाऱ्यांचे, लेखी परवानगीनं घेतलेले भाग, यांवर बरंच जमू शकतं.

आता तिसऱ्या अटीकडे येतो. 'सोलो लेव्हलिंग' या गाजलेल्या वेबटूनचे चित्रकार जांग सोंग-राक जुलै २०२२ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. त्यांना आधीपासून आजार होता, असं त्यांच्या स्टुडिओनं सांगितलं. त्यांच्या जाण्यानं मात्र साऱ्या व्यवसायातल्या कामाच्या ताणावरची चर्चा पुन्हा उसळली. दिवसाला दहा तासांच्या आसपास काम आणि आठवड्यात जेमतेम एक सुट्टी, हे कोरियातल्या सरकारी पाहण्यांतही आलेलं चित्र आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकार, प्लॅटफॉर्म आणि चित्रकार संघटना यांच्यातल्या समझोत्यात खाडा घेण्याचा हक्क मान्य झाला. ही पार्श्वभूमी ठेवूनच एआयचा विचार व्हायला हवा. साधन आलं आणि आठवड्याचे समजा सहा तास वाचले, तर ते जातील कुठे?

व्यवसायाची आजवरची चाल पाहिली तर उत्तर सोपं आहे: फ्रेम वाढतील. थ्रीडी आलं तेव्हाही वाढल्या. बहुतेक चित्रकारांना दर भागामागे 'एमजी' मिळते, म्हणजे हमीची आगाऊ रक्कम. विक्रीतून ती फिटल्यावरच वरचा वाटा हाती येतो. सहायकांचा पगार याच रकमेतून जातो. प्लॅटफॉर्मला 'आता यंत्र आहे, सहायक कशाला' असं म्हणायची सोय झाली की एमजी खाली येईल, फ्रेम ७० वरून ९० वर जातील, आणि चित्रकार पूर्वीइतकेच तास यंत्राच्या चुका दुरुस्त करत बसेल. त्याच्या हातून रेघ जाईल आणि हाती उरेल ती तपासणी.

सहायकाचं काय? मूळ रंग भरणारी पोरं हे काम जन्मभर करत नाहीत. वर्ष-दोन वर्षं दुसऱ्याच्या रेषा रंगवताना त्यांना कळतं, की साटीनवर चमक कुठे तुटते, मखमलीची चमक कडेला का येते, बसलेल्या बाईच्या घेराचं कापड कुठे साचतं. पुढे तीच स्वतःची मालिका काढतात. रंग भरण्याचं काम यंत्राकडे जात असेल, तर या मुलांना पोशाखाच्या तक्त्यावर, नक्षीच्या तुकड्यांवर, तपासणीवर आणलं पाहिजे, त्याच पगारात. ही पायरी उखडली, तर दहा वर्षांनी या व्यवसायात कुशल हात येणार कुठून?

वाचकांच्या बाजूनं एक युक्तिवाद नेहमी होतो आणि तो झटकण्यासारखा नाही: ज्याला चित्र येत नाही पण गोष्ट येते, त्याला एआयमुळे वेबटून काढता येतं. मराठीतही अशी मुलं आहेत, इंग्रजीतून कोरियन मालिका वाचणारी आणि स्वतःचं काही करू पाहणारी. त्यांना परावृत्त करायची माझी इच्छा नाही. त्यांनी दोन गोष्टी मात्र पक्क्या माहीत करून घ्याव्यात.

पहिली हक्काची. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं 'झारिया ऑफ द डॉन' या चित्रकथेत लेखिकेचा मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण दिलं, मिडजर्नी या एआयनं बनवलेल्या चित्रांना नाकारलं. कोरियाच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेचाही रोख तोच आहे: माणसाच्या सर्जनशील सहभागाशिवाय आलेल्या चित्राची नोंदणी नाही. भारताच्या १९५७ च्या कायद्यात संगणकानं तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे 'ती तयार व्हायला कारणीभूत ठरलेली व्यक्ती', असं कलम आहे. पण ते आजची यंत्रं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं नाही. म्हणजे नायिकेचा चेहरा आणि गाउन पूर्णपणे यंत्राचा असेल, तर मालिका गाजल्यावर तोच चेहरा टी-शर्टवर छापणाऱ्याला अडवणं कठीण जाईल. निदान मुख्य पात्रं आणि त्यांचे पोशाख स्वतः काढा, कच्चे का असेनात, आणि त्या कच्च्या चित्रांच्या तारखांसह फाइली जपून ठेवा.

दुसरी गोष्ट पेहरावाची. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलच्या जेमिनीवर स्वतःचा फोटो देऊन जुन्या सिनेमातल्यासारख्या शिफॉन साडीतलं चित्र मिळवायची लाट आपल्याकडे आली. चित्रं सुंदर होती. त्याच साधनांना नऊवारी मागितली, की काष्टा कुठे खोचतात हे कळत नसल्याचं उघड होतं: पुढे सहावारीच्या निऱ्या, मागे धोतरासारखं काहीतरी, आणि पदर दोन्हींशी न जुळणारा. गोरमच्या दोन फाशांचंच हे मराठी रूप. शिवकालीन किंवा पेशवेकालीन फॅन्टसी वेबटून काढू पाहणाऱ्यानं पगडी, पागोटं आणि फेटा यांची सरमिसळ यंत्राच्या भरवशावर सोडली, तर पहिल्याच भागावर वाचक ती दाखवून देतील, आणि ते बरोबर असेल. नेसणाऱ्या बाईकडून मागून-पुढून पाहून काढलेली तीन रेखाचित्रं इथं कुठल्याही मॉडेलपेक्षा जास्त कामाची आहेत.

वेबटूनमधला गाउन अंगावर घालू पाहणाऱ्यांनाही हे लागू आहे. मुंबईच्या कॉमिक कॉनसाठी किंवा लग्नातल्या स्वागत समारंभासाठी मुली एआयकडून 'राजकन्येचा गाउन' काढून घेतात आणि ते चित्र शिंप्यापुढे ठेवतात. शिंपी पहिला प्रश्न विचारतो तो हा: घालायचा कुठून? चित्रात चेन नाही, हुक नाही, पाठ तर नाहीच. कमरेपाशी शिवण नसताना घेर फुगलेला असतो. प्रत्यक्षात २८ इंच कमर आणि ४० इंच लांबीचा पूर्ण गोल घेर काढायचा, तर कमरेची त्रिज्या साधारण साडेचार इंच, खालच्या कडेची साडेचव्वेचाळीस, आणि कड भरते जवळपास २८० इंच, म्हणजे सात मीटर. ४४ इंची पन्ह्यात पाव वर्तुळसुद्धा सरळ आखलं तर अखंड बसत नाही. कळ्या पाडाव्या लागतात किंवा जोड द्यावा लागतो. त्याखाली कॅनकॅनचे दोन-तीन थर, अस्तर, आणि तो भार पेलायला रुंद कमरपट्टी. चांगल्या चित्रकारानं काढलेल्या गाउनवर या शिवणी दिसतात, कारण त्यानं कापड कसं लोंबतं याचा विचार केलेला असतो. असं चित्र नेलं तर शिंप्याचं निम्मं काम हलकं होतं. एआयचं चित्र न्यायचंच असेल, तर आधी त्यावर पेन्सिलीनं शिवणी, उघडायची जागा आणि मापं आखून घ्या.

आता प्लॅटफॉर्मनं काय करावं. कोरियाचा एआय कायदा २२ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आणि एआयनं तयार केलेला मजकूर-चित्रं तशी असल्याचं सांगणं त्यात आलं. पण 'यात एआय वापरलं आहे' एवढ्या एका ओळीनं रंग भरायला साधन वापरणारी चित्रकार आणि पात्रं, पोशाख सगळंच यंत्राकडून घेणारा स्टुडिओ एकाच पंगतीत बसतात. ते पहिलीवर अन्याय करणारं आहे. संगणक खेळांच्या स्टीम या दुकानानं जानेवारी २०२४ पासून निर्मात्यांना एआय कुठे आणि कसं वापरलं ते लिहायला लावलं. वेबटूनला त्याहून बारीक नोंद शक्य आहे, कारण इथं काम आधीच टप्प्यांत वाटलेलं असतं. भागाच्या शेवटी श्रेयनामावली असतेच. तिथं लिहा: आराखडा अमुक, रेखांकन अमुक, पोशाख-रचना अमुक, मूळ रंग यंत्रानं, स्टुडिओच्या स्वतःच्या चित्रांवर शिकवलेल्या. चार ओळींचं काम आहे.

भारतातही हा प्रश्न दारात आला आहे. केंद्राच्या उद्योग विभागानं नेमलेल्या समितीनं डिसेंबर २०२५ च्या टिपणात एआय कंपन्यांना सक्तीचा परवाना आणि त्याबदल्यात निर्मात्यांना स्वामित्वधन, असा मार्ग सुचवला. मोबदला मिळावा हे योग्यच. पण सक्तीच्या परवान्यात 'नाही' म्हणायचा हक्क उरत नाही, आणि ज्याच्या शैलीवरच त्याचं पोट आहे अशा चित्रकारासाठी तो हक्क रकमेपेक्षा मोठा आहे. चित्रकारांच्या संघटनांनी यावर आपलं म्हणणं लेखी मांडायला हवं.

आणि करारांत, कोरियात असो वा इथं, तीन आकडे लिहून घेतले पाहिजेत. भागातल्या फ्रेमची कमाल संख्या, जी साधन बदललं म्हणून बदलणार नाही. साधन स्वीकारण्याआधीची एमजी, जी त्यानंतर किमान तेवढीच राहील. आणि वर्षातल्या सुट्टीच्या भागांची संख्या, जी साधनामुळे वाचलेल्या वेळाच्या प्रमाणात वाढेल. आठवड्याला सहा तास वाचत असतील, तर वर्षाला ३०० च्या वर तास होतात. दहा तासांच्या दिवसानं मोजले तर महिनाभराचं काम. तो महिना चित्रकाराच्या सुट्टीत जमा झाला, तर कोरियातले चित्रकार या साधनांसाठी स्वतःहून रांग लावतील.